फिरवा आणि न्या

माझ्याकडे तीनशे अकरा भोवरे आहेत आणि त्यातला एकही मी कधी फिरवलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं तुम्ही हसणार आणि मला राग येणार. राग मला लवकर येतो. नगरच्या शाळेत छत्तीस वर्षं भूगोल शिकवला, त्याचा परिणाम. पृथ्वी स्वतःभोवती कशी फिरते हे सांगताना मी फळ्यावर भोवऱ्याचं चित्र काढायचो. खरा भोवरा वर्गात न्यायची कधी हिंमत झाली नाही.

सगळे भोवरे काचेच्या कपाटात आहेत. पितळी, शिंगाचे, लाखेच्या रंगाचे, सगळे कोरे. एकावर ओरखडा दाखवा! विजया, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणते, "लोकाच्या घरच्या पोळ्या गोळा करून डब्यात ठेवाव्यात आणि आपण उपाशी झोपावं, तसलं तुमचं आहे." तिला संग्रह म्हणजे काय ते कळत नाही. जाऊ दे.

तर सर्जेपुऱ्यात खाजाभाईंचं लाकूड कातायचं दुकान होतं. वय अठ्ठ्याहत्तर. बाजेचे पाय, लाटणी आणि भोवरे. अख्ख्या जिल्ह्यात त्यांच्यासारखा भोवरा कुणी केला नाही. पण म्हाताऱ्याची एक रीत होती. भोवरा विकत घ्यायचा तर आधी तो दुकानासमोर फिरवून दाखवायचा. फिरला तर तुमचा, नाही फिरला तर परत फळीवर. मग तुम्ही कोणी का असेना. "फिरवा आणि न्या," एवढंच बोलायचे.

माझ्या कपाटात खाजाभाईंचे बारा भोवरे आहेत. ते सगळे माझ्या मित्रानं, कल्याणनं फिरवले. मी शेजारी पिशवी धरून उभा. पण गेल्या दिवाळीत कल्याण मुलीकडं नागपूरला राहायला गेला आणि माझे वांधे झाले.

त्यात मागच्या महिन्यात कळलं, खाजाभाई दुकान बंद करतायत. डोळ्यांना नीट दिसत नाही, मुलगा तिथं मोबाईलचं दुकान टाकणार. मशीन कोपरगावच्या कुणीतरी घेतलं होतं, रविवारी टेम्पो येणार होता. मी सोमवारी सकाळीच दुकानात हजर. फळीवर एकच भोवरा उरला होता. जुन्या बाजेच्या सागवानी पायाचा, वर लाल-पिवळ्या लाखेचे पाच पट्टे. खाजाभाईंचा शेवटचा भोवरा! माझ्या तोंडाला पाणीच सुटलं.

"हा द्या," मी म्हणालो.

"फिरवा."

"आज हात दुखतोय हो, खाजाभाई."

खाजाभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सर, बारा खेपा तुमच्या मित्राचा हात न्हाई दुखला. तुमचाच बरा दुखतो!"

म्हणजे म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. मी वाट्टेल ती किंमत देतो म्हणालो. "लाकूड हाय सर, दागिना न्हाई," असं म्हणून ते पुन्हा कामाला लागले. मला असा संताप आला की काय सांगू. पण भोवरा तर हवा होता.

पायरीवर त्यांची नात बसली होती. नाझनीन, सहावीतली, हातात टोचे पडून काळाकुट्ट झालेला भोवरा. ती आजोबांना म्हणाली, "दादा, मी शिकवते सरांना. रविवारपर्यंत."

"ह्यांना?" खाजाभाई म्हणाले. मला तो "ह्यांना" फार लागला. मी तिथल्या तिथं पिशवी खाली ठेवली.

दुकानामागच्या मोकळ्या जागेत शिकवणी सुरू झाली. नाझनीनच्या जुन्या भोवऱ्यावर. पहिला फेकला तो गटारात. दुसरा कुणाच्या तरी शेळीला. तिसरा माझ्याच नडगीवर. मी म्हणालो, दोरी ओली आहे. मग म्हणालो, जमिनीला उतार आहे.

"नाचता येईना..." नाझनीननं सुरू केलं.

"अंगण वाकडं!" दुकानातून खाजाभाईंनी पुरं केलं.

"मनगट ढिलं सोडा सर. फेकलं की लगेच मागं ओढा. किती वेळा सांगायचं?"

किती वेळा सांगायचं! हे वाक्य मी छत्तीस वर्षं पोरांच्या डोक्यात हाणलं होतं. आता समजलं ते केवढं लागतं.

बुधवारी मी दमून पायरीवर बसलो आणि कधी कुणाला न सांगितलेलं त्या पोरीला सांगून बसलो. मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या तोफखाना भागातली पोरं रोज संध्याकाळी रिंगण आखायची. हरला त्याचा भोवरा रिंगणात ठेवायचा आणि बाकीच्यांनी आपापल्या भोवऱ्याच्या आरीनं, म्हणजे खालच्या खिळ्यानं, त्याला गुच्चे मारायचे. मी गेलो की म्हणायची, "ह्याला नको रे, ह्याचा फिरतच नाही." रिंगणात जायला आधी भोवरा फिरावा लागतो ना! मग मी नवे भोवरे घ्यायचो आणि घरी पेटीत ठेवायचो. तिथून हा संग्रह.

"त्या पोरांचा मला अजून राग आहे," मी म्हणालो.

"मग फिरवा ना सर. बसलात काय?" नाझनीन म्हणाली.

शनिवारी दुपारी तो फिरला. चार आकडे मोजेपर्यंत. नाझनीन उड्या मारत ओरडली. मी तोंड फिरवून चष्मा पुसला. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं होतं.

रविवारी टेम्पो दारात उभा होता, मशीन चढवत होते. खाजाभाईंनी शेवटचा भोवरा माझ्या हातात दिला. मी दोरी गुंडाळली. कोऱ्या भोवऱ्याला माती लागणार म्हणून जीव तुटत होता. फेकला, मागं ओढला, आणि तो एका जागी असा गुंगला की पाचही पट्ट्यांचा एकच रंग झाला. खाजाभाई खाली वाकून, डोळे अगदी बारीक करून बघत राहिले. थांबल्यावर त्यांनी स्वतः उचलून, सदऱ्याला पुसून माझ्या तळहातावर ठेवला. "न्या सर. तुमचा झाला."

मी तो पिशवीत घालून गाठ मारली. तेव्हाच घरी जायला हवं होतं. कपाटात जागा करून ठेवली होती.

"सर, एक डाव?" नाझनीन म्हणाली. तिच्याबरोबर उझैर आणि समर्थ अशी गल्लीतली दोन पोरंही होती. त्यांनी रिंगण आखलंसुद्धा. कुणीही मला नको म्हणालं नाही. माझी वाट बघत उभी होती पोरं.

मी पिशवीची गाठ सोडली.

माझा भोवरा दोन गिरक्या घेऊन आडवा झाला. सगळ्यात आधी मीच हरलो. नियमाप्रमाणे तो रिंगणात गेला. नाझनीननं दोरी गुंडाळली, हात वर नेला आणि थांबली. "सर, नवा आहे. मारू?"

उचलून घेता आला असता. पोरांनी काही म्हटलं नसतं, मी सर होतो.

"मार," मी म्हणालो. "आणि जोरात मार, लाजू नकोस."

तिसऱ्या गुच्च्याला सागवान उभं चिरलं आणि दोन शकलं दोन बाजूंना उडाली. नाझनीन रडायच्या बेतात. खाजाभाई मात्र टेम्पोला टेकून खो खो हसत होते, आणि मग मलाही हसू आवरेना. पोटात दुखेपर्यंत हसलो.

घरी पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. "हरलो गं!" मी फाटकातूनच ओरडलो. "पोरांनी पार धुव्वा उडवला माझा!"

विजया बाहेर आली. तिनं माझ्या हातातली शकलं पाहिली, मातीनं भरलेली विजार पाहिली, खरचटलेलं कोपर पाहिलं.

"आधी हातपाय धुवून या," ती म्हणाली, "मगच घरात पाऊल टाका."

रिंगणातून मातीनं माखून आलेल्या माझ्या मोठ्या भावाला आई रोज संध्याकाळी असंच ओरडायची. मला ते पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं. मी मुकाट्यानं नळावर गेलो आणि कितीतरी वेळ पाय धूत बसलो.