तिवरांखालचं शेत

सुरभीच्या नकाशात इंदुबाईंचं शेत हिरवंगार दिसत होतं, आणि तीच पंचाईत होती. रोह्याकडच्या वाल-भातात वाढलेली ही पोर, पीएचडी झाल्यावरही शिकायची हौस न फिटलेली, धरमतरच्या खाडीकाठी जमिनी कशा बदलल्या ते मोजत हिंडत होती. उपग्रहाच्या चित्रात हिरवं म्हणजे तिवर, खाऱ्या पाण्यातली खारफुटी, आणि तिवर म्हणजे जंगल वाढलं. नकाशा आज संध्याकाळी पाठवायचा होता. जंगलाची सरकारी यादी त्यावरनं ठरायची. पण त्या हिरव्याखाली शेत आहे हे काल कळल्यापासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

“मावशी, हे तुमचं.” बांधावर उभ्या इंदुबाईंपुढे तिनं टॅब धरला.

“माजं कुटं? हे तर रान,” इंदुबाई म्हणाल्या. “उद्या मलाच इचारतील, बाई, जंगलात कशाला घुसलीस?”

“पण भात पिकत नाही ना आता?”

“नाय. बांधाला खांड पडली, भरतीचं पाणी आत आलं, त्याच्यामागनं हे तिवर. आमी काय आवतण दिलं नव्हतं.”

“मग खांड बुजवली का नाही?”

इंदुबाईंनी पदर खोचला. “घरटी एक माणूस लागतं गो. भरतीच्या आत चिखल टाकायचा. त्या दिशी माजा पोरगा प्रवीण कंपनीत, शिफ्टला. सगल्या घरांची तीच तऱ्हा. मी एकली गेले टोपली घेऊन.” त्या हसल्या. “खाडीला टोपली दाखवून आले.”

सुरभीनं लिहिलं, खोडलं. तिच्या रकान्यांत कंपनीला जागा होती, टोपलीला नव्हती.

इंदुबाई तोवर तिवरांत शिरल्या होत्या. कमरेच्या फडक्यातनं मोड आलेलं भात काढून त्यांनी मूठभर पाण्यावर फेकलं.

“उगवतं?”

“खुळी काय तू? खाऱ्या पाण्यात? मासळी खाते. पन दरसाल टाकते. जमिनीनं इसरू नये, कुनाची ती.”

खिशात फोन थरथरला. नकाशासाठी सरांचा असणार. सुरभीनं टॅबवर हिरव्यावर तपकिरी रेघा ओढल्या आणि लिहिलं: ‘खांड पडलेलं शेत. मालकीण पेरते.’ मग तिचा हात थबकला. हे एकच शेत झालं.

“मावशी, अशी किती?”

“खांडीपासनं त्या उघाडीच्या, पाणी सोडायच्या दारापर्यंत समदी.”

“भरती कधी?”

“तासाभरात.”

फोन पुन्हा थरथरला. तिनं तो बंद केला, सलवार गुडघ्यावर चढवली आणि भरतीच्या आत उरलेली शेतं मोजायला चिखलात पाय घातला. पाय पोटरीपर्यंत रुतला.

“पाय उचल गो भरभर,” इंदुबाई पुढनं ओरडल्या, “नायतर तुलाबी जंगलात मोजतील!”