पिवळे ठिपके

चूक माझीच. एका फोटोपायी झाली, आणि तो फोटो मीच पाठवला होता.

अमेरिकेत पिस्कॅटवेच्या आमच्या लॅबमध्ये मी बेडकीची वाढती अंडी सुईने टोचते. मोहरीपेक्षा लहान, अर्धी काळी, अर्धी पांढुरकी. आत जो आरएनए सोडते त्यात जनुकीय लिपीतली तीच तीन अक्षरं शेकडो वेळा येतात, माझ्या भावाच्या, राकेशच्या पेशींत येतात तशीच. हा आरएनए पेशीतलं कामाचं प्रोटीन धरून बसतो, सोडतच नाही मेला. राकेशची मूठही तशीच. पेला धरला की बोटं उघडायला त्याला मिनिटभर लागतं. बाबांना हे चाळिशीत सुरू झालं, राकेशला एकविसाव्या वर्षी. पिढीगणिक ती अक्षरं वाढत जातात आणि आजार आणखी लवकर गाठतो.

गेल्या वर्षी मी आरएनएला लाल रंग दिला, प्रोटीनला हिरवा. दोन्ही एकाच जागी सापडले आणि लाल-हिरवा प्रकाश मिसळून अंड्यात पिवळे ठिपके चमकले. म्हणजे पकड दिसली. फक्त दिसली, सुटली नाही. पण मी येडी, हुरळून आईला नागपूरला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'जमलं!'

आईने बुद्धपौर्णिमेला विहारासमोर खीर वाटताना अख्ख्या वस्तीला सांगितलं की माझ्या पोरीने औषध शोधलं. मी चिडले, परोपरीने समजावलं. ती म्हणे, आज ना उद्या निघेलच ना, मग तोंड कशाला वाकडं करतेस. त्या बातमीवर राकेशचं अडलेलं लग्न आरोहीशी जुळलं. आरोहीला सगळं खरं सांग, असं मी त्याला बजावलं, तो हो म्हणाला. मग मीही गप्प बसले. त्याला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. त्या गप्प बसण्याची आज मला लाज वाटते.

आज सकाळी अंडी निवडत होते, तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. आरोहीला दिवस गेलेत. आईने फोन तिच्याच हातात दिला.

"ताई, आजाराचं यांनी लग्नाआधीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "बाळालाही होऊ शकतो, तेही. पण तुम्ही औषध काढलंय म्हणून मी घाबरले नाही. बाळ येईपर्यंत इकडे मिळेल ना?"

तिच्या मागे राकेश पाण्याचा पेला घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. नको सांगू.

पण आता गप्प बसणं मला शक्य नव्हतं.

"औषध नाहीये, आरोही."

तिने फोन भिंतीकडे वळवला. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली मी पाठवलेला तो अंड्याचा फोटो फ्रेम करून लावला होता, पिवळ्या ठिपक्यांसकट.

"मग हे काय आहे?"

"तो आजारच आहे," मी म्हटलं.

तिने फोन परत स्वतःकडे वळवला, तर मागे राकेश पेला टेबलावर ठेवायला धडपडत होता. बोटं उघडत नव्हती. आरोही फोन तसाच टेकवून त्याचं एकेक बोट सोडवायला गेली, आणि मी इथून नुसती बघत राहिले.