बावीस पाती

म्हशाच्या जत्रेतून गावाची कोयत्याची पाती आणायचं काम धाकलूचं. त्याच्या आधी ते त्याच्या बापाचं होतं. जत्रा झाली की राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, ऐनाच्या फांद्या तोडायच्या, म्हणजे घरटी कोयता हवाच. सगळ्यांनी कशाला धावायचं? एकानं जावं, पात्यावर बोट फिरवून पारख करावी आणि पोत्यात बांधून आणावीत. मूठ ज्यानं त्यानं आपल्या हाताच्या मापानं घरी बसवायची. जत्रेतल्या मुठी चार दिवसांत हलायला लागतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

यंदा मात्र घात झाला. मुंबईत बॉम्ब फुटले त्याला वर्ष होत आलं होतं आणि मुंबईला पाणी देणाऱ्या धरणाकडे जाणारं बोचकं न् बोचकं पोलीस उघडून बघत होते. शहापूरच्या नाक्यावर धाकलूचं पोतं उघडलं. आत बिनमुठीची बावीस पाती. त्याला दुपारभर बसवलं, संध्याकाळी सोडलं, पाती ठेवून घेतली. धाकलू घरी आला, भाकरी खाल्ली आणि झोपला. एवढ्यावर भागलं असतं.

पण तिसऱ्या दिवशी अनिल पेपर घेऊन आला. अनिल म्हणजे धाकलू-सकुबाईचा एकुलता एक. पाच वर्षं भातसानगरला धरणाच्या हापिसात रोजंदारीवर होता, आणि आता कुठं कायम होण्याच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं. पोलिसांची चौकशी तेवढी बाकी होती. त्यानं आईबापाला मथळा वाचून दाखवला : ‘धरणाच्या वाटेवर बावीस तलवारी जप्त.’ शेवटच्या ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘शेतीची अवजारे असल्याचा दावा’ असंही छापलं होतं. तिथवर वाचत कोण बसतंय!

“तलवार?” धाकलू म्हणाला. “मी जल्मात हातात धरली नाय.”

“तुमी नाय धरली बाबा, पन त्यांनी छापली ना. आमच्या हापिसात हाच पेपर येतो. चौकशीवाल्यानं तेच लिवलं तर माझी पाच वर्सं गेली.”

त्या दिवसापासून सकुबाईला घास गिळवेना. वाटेवर मोटरसायकल वाजली की हातातलं काम तसंच राहायचं. गावही कमी नव्हतं. शेजारची सुंदरा कुजबुजत आली. “सकूबाय, पोलीस येनार म्हनतात. घरात कोयता दिसला तर आपल्याला बी धरतील गो.” झालं! दुपारपर्यंत घराघरातले जुने कोयते गायब. कुणी भाताच्या कणगीत खुपसला, कुणी शेणखतात पुरला. सकुबाईनं आपला पेंढ्याच्या उडवीत लपवला. शहाणपण सुचलं ते हे.

पाचव्या दिवशी हवालदार आला. वयस्कर माणूस, काखेत कागदांची फाइल. धाकलू हात जोडून म्हणाला, “साहेब, ती पाती गावाच्या कोयत्यांची. इथं घरटी कोयता हाय.”

“मग दाखवा की.”

धाकलूनं सुंदराच्या नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघू लागला. हवालदार चार घरं फिरला. भिंतीवर कोयता टांगायच्या आकड्या होत्या, कोयता एकाही घरात नव्हता.

“सगळं गाव भातशेती करतं आणि कोयता नाही?” हवालदाराचा आवाज बदलला. “मी काय समजायचं?” त्यानं अनिलच्या नोकरीच्या चौकशीचा कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

पेपरवाल्यानं खोटं छापलं होतं, पण ते खरं करून दाखवलं गावानं, आणि त्यात सकुबाई स्वतःही होती. स्वतःची तिला भयंकर चीड आली. ती परसात गेली, उडवीत हात घातला आणि कोयता घेऊन तरातरा हवालदारापुढे आली.

हवालदार दोन पावलं मागं सरला. त्याचा हात काठीवर गेला.

सकुबाई तिथंच थबकली. मग खाली बसली, अंगणातली ऐनाची फांदी पुढ्यात ओढली आणि सपासप डहाळ्या तोडू लागली. “भ्यालो आमी साहेब,” ती मान वर न करता म्हणाली. “म्हनून लपवलं. याच्यानं राब तोडतो, लाकडं फोडतो. दुसरं काय नाय.”

थोड्या वेळानं सुंदरा आली. तिच्या कोयत्याला शेणखत लागलं होतं. मग आणखी दोघी आल्या. हवालदारानं काठी भिंतीला टेकवली आणि ओट्यावर बसून लिहिलं.

“काय लिवलं?” सकुबाईनं विचारलं.

“कोयते लिहिलं, मावशी.”

“मला वाचता येत नाय. पेपरवाल्यांनी बी लिवलंच व्हतं.” सकुबाईनं लिहिलेला कागद पालथा केला आणि त्यावर कोयता ठेवला. “याच्या भवती पेन फिरवा. तुमच्या साहेबाला दिसू दे काय हाय ते.”

हवालदारानं कोयत्याच्या कडेनं पेन टेकवलं. कागद हलू नये म्हणून सकुबाईनं मूठ दाबून धरली होती. तरी पातं सरकलं आणि रेघ दोन ठिकाणी वाकडी गेली. हवालदारानं ती पुन्हा नीट गिरवली.