दुखण्याचा आकडा

डॉ. शाझियाच्या अभ्यासाला साठ पेशंट हवे होते आणि बारकू त्यातला अठ्ठावन्नावा होता. भूलशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या शाझियाने दीड वर्ष एकाच प्रश्नाच्या मागे घालवलं होतं. नडगीचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या माणसाची भूल उतरली की जो ठणका सुरू होतो, तो गुडघ्यामागच्या नसेपाशी हलकं औषध टोचल्याने कितपत कमी होतो? निम्म्या पेशंटांना औषध मिळायचं, निम्म्यांना नुसतं सलाइनचं पाणी. कुणाला काय मिळालं ते पेशंटला माहीत नसायचं आणि शाझियालाही नाही. सिरिंज हॉस्पिटलच्या औषध विभागात भरली जायची आणि तिचं गुपित तिथल्याच बंद पाकिटात राहायचं. कुणालाही दुखणं सहन होईनासं झालं, तर नेहमीचं वेदनाशामक लगेच द्यायचं, हे मात्र ठरलेलं होतं.

नाशिकच्या त्या हॉस्पिटलात हा अभ्यास सुरू होण्याआधी बराच वाद झाला होता. हाडांचे सर्जन डॉ. प्रफुल्ल यांचा त्याला विरोध होता. नडगी मोडली की कधीकधी पोटरीच्या स्नायूंना आतून सूज येते, दाब चढत जातो, आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. त्याची पहिली खूण म्हणजे औषधाला न जुमानणारं दुखणं. "तीच खूण तुम्ही पुसून टाकणार," असं ते म्हणाले होते. शाझियाच्या गाइड डॉ. प्रतिभा यांनी त्यांना जुने शोधनिबंध दाखवले, औषधाची मात्रा आणखी कमी केली, आणि दर दोन तासांनी शाझिया स्वतः पेशंटला बघेल असं कबूल केलं. तेव्हा कुठे त्यांनी सही केली.

बारकू नामपूरच्या कांदा मार्केटात हमाली करायचा. ट्रॉलीची मागची लोखंडी फळी, फाळका, उघडताना तो निसटून नडगीवर आला होता. दोन दिवस त्याला सगळ्यांनी घाईघाईने तपासलं, पण शेजारी बसून बोललं असं कुणी नव्हतं. शाझिया स्टूल ओढून बसली. अभ्यास काय आहे, त्यात त्याच्या वाट्याला पाणीही येऊ शकतं, नको असेल तर सरळ नाही म्हणायचं, उपचारात काही फरक पडणार नाही, हे सगळं तिने शांतपणे सांगितलं. त्याने एकच विचारलं, ह्याचा पुढच्या लोकांना फायदा होईल ना? होईल असं वाटतंय, म्हणूनच करतेय, असं ती म्हणाली. त्याने एकेक अक्षर काढत सही केली. जाताना तिने त्याच्या बायकोसाठी, छायासाठी, वॉर्डातली एक खुर्ची मिळवून दिली. एवढंच काय ते तिने त्यांच्यासाठी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहापर्यंत ऑपरेशन आटोपलं. नडगीत सळई बसली, आणि औषध विभागातून आलेली सिरिंज शाझियाने गुडघ्यामागे टोचली. बाराला शाझिया वॉर्डात गेली, तेव्हा पाठीतून दिलेली भूल अजून उतरली नव्हती. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, या प्रश्नाला बारकूने हसून शून्य सांगितलं. दोन वाजता म्हणाला तीन. चार वाजताही तीनच.

चार वाजताचा तीन लिहिताना तिचा पेन थांबला. बारकूच्या कपाळावर घाम होता. नाडी एकशे बारा होती. एका हाताने त्याने पलंगाची दांडी धरून ठेवली होती. तिने पुन्हा विचारलं, तर म्हणाला, गरम होतंय मॅडम, बाकी काय नाय. औषध देऊ का म्हटलं, तर मान हलवली. तिने तीन लिहिलं, नाडीचा आकडा लिहिला, आणि सिस्टर हर्षालीला ताप बघायला सांगून ती निघाली.

पडद्याबाहेर पोचली तोच तिला बारकूचा आवाज ऐकू आला. दात आवळून तो बायकोला सांगत होता, "भलतं दुखी राहिनं. पन मॅडमले सांगू नको."

इथल्या बऱ्याच डॉक्टरांना त्यातलं अर्धंच कळलं असतं. शाझिया मालेगावची होती. घरात उर्दू असली, तरी तिच्या वडिलांच्या यंत्रमागावर काम करणारी माणसं दिवसभर अहिराणी बोलायची आणि ती त्यांच्यातच वाढली होती. ती उलटी फिरली.

"बारकूभाऊ, खरं सांगा. किती?"

त्याने छायाकडे पाहिलं. छाया मान खाली घालून म्हणाली, "दोन वाजल्यापासून तडफडताय ते. मी म्हटलं सांगा, तर मलाच गप केलं."

"का पण?"

"तुम्ही एवढं जीव लावून करताय," बारकू म्हणाला. त्याला धाप लागली होती. "माझ्यामुळं तुमचं औषध नापास व्हायला नको. लोकांच्या कामाचं हाय ते."

शाझियाने चादर बाजूला केली. पट्टीच्या कडेने पोटरी दाबून पाहिली, तर ती लाकडासारखी कडक होती आणि कातडी ताणून चकाकत होती. तिने पायाचा अंगठा हळूच वर वाकवला. बारकूच्या तोंडून असा आवाज निघाला की पलीकडच्या पलंगावरचा म्हातारा उठून बसला. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधल्या जागी तिने कापूस फिरवला. तिथे त्याला काही कळत नव्हतं. पावलावरची नाडी मात्र नीट लागत होती, आणि त्या नाडीवर विसंबूनच माणसं फसतात हे तिला ठाऊक होतं.

हर्षालीला पट्टी कापून सैल करायला सांगून तिने हाडांच्या विभागातल्या डॉ. महेशला फोन लावला. प्रफुल्ल सर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते. महेश आला, पण त्याची नजर आधी पलंगाला अडकवलेल्या चार्टवर गेली.

"तीन लिहिलंय की. पट्टी सैल झालीय, पाय उंच नको ठेवू. सर सहाला येतील राऊंडला."

"चार्ट खोटा आहे," शाझिया म्हणाली.

"तूच लिहिलायस ना?"

"मीच लिहिलाय. म्हणून सांगतेय."

महेशने पोटरी दाबली. त्याचा चेहरा जरा बदलला, पण पुरता नाही. बधिरपणा तुझ्या इंजेक्शनचाच असेल, असं तो म्हणाला. नस झोपली असेल तर बोटांमध्ये कळणारच नाही, त्यात नवल काय? त्याचं म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतं. बारकूला औषध मिळालं होतं की पाणी, हे कळल्याशिवाय कुणालाच छातीठोकपणे काही सांगता येत नव्हतं. घड्याळात चार वीस झाले होते.

तिने प्रतिभा मॅडमना फोन केला. पाकीट उघडलं की हा पेशंट अभ्यासातून जवळजवळ बाद झाला, आणि साठाची मोजणी पुन्हा लांबली. मॅडमनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "उघडायला सांग. आणि दाब मोजायची तयारी कर, मी जिना उतरतेय."

औषध विभागातून उत्तर यायला चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं बारकूने उशीचं टोक दातांत धरून काढली. हर्षालीने त्याला शिरेतून वेदनाशामक दिलं. त्याचा काहीच उपयोग झाला नाही, आणि शाझियाला तेच जास्त भिववत होतं. फोन वाजला. पलीकडून सांगितलं, सलाइन.

म्हणजे नस झोपवणारं औषध त्याच्या अंगात मुळी गेलंच नव्हतं. बधिरपणा इंजेक्शनचा नव्हता, आतल्या दाबाचा होता. आणि ताज्या ऑपरेशनचं सगळंच्या सगळं दुखणं अंगावर घेऊन हा माणूस तिला दोनदा तीन म्हणाला होता.

महेशने स्वतःच सुई हातात घेतली. शाझियाने ऑपरेशन थिएटरमधून आणलेलं, रक्तदाब मोजण्याचं यंत्र नळीने त्या सुईला जोडलं. नडगीलगतच्या स्नायूंच्या पुढच्या कप्प्यात सुई गेली. यंत्रावरचा आकडा हलला, चढला आणि बावन्नवर थांबला. बारकूच्या रक्तदाबाचा खालचा आकडा चौऱ्याहत्तर होता. दोन्हींत निदान तीसचं अंतर हवं. इथे बावीसच होतं.

प्रतिभा मॅडम आल्या, त्यांनी आकड्याकडे एकदा पाहिलं आणि त्या थेट थिएटरकडे वळल्या. दहा मिनिटांत बारकूचं स्ट्रेचर लिफ्टमध्ये होतं. छाया सोबत धावत होती. पाय कापणार का, असं तिने विचारलं. शाझियाला नाही म्हणायचं होतं. "वाचवायला नेतोय, ताई," एवढंच ती म्हणाली.

पूर्ण भूल मॅडमनी दिली. शाझिया बारकूच्या उशाशी उभी राहिली. हातातलं ऑपरेशन संपवून आलेल्या प्रफुल्ल सरांनी पोटरीच्या दोन्ही अंगांना लांब छेद दिले. आतले स्नायू फुगून बाहेर आले. रंग काळपट, शिळ्या मांसासारखा. सरांनी चिमट्याने स्नायू धरला. तो हलला नाही. ते थांबले. मिनिट गेलं, दुसरं गेलं. काळपटपणा एका कडेने फिकट होत लाली यायला लागली. सरांनी पुन्हा चिमटा लावला आणि या खेपेला स्नायू आखडला. "आणखी दोन तास गेले असते, तर हा पाय गेला होता," ते म्हणाले. मग मान वर न करता विचारलं, चार्टवर तीन कुणी लिहिलं? शाझियाने मी म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अभ्यास बंद करायची मागणी केली. शाझियाने स्वतःचा बचाव केला नाही. तिने अशा अभ्यासांना परवानगी देणाऱ्या हॉस्पिटलच्या समितीला तीन पानी अहवाल दिला आणि त्यात दोष कुठे आहे ते स्पष्ट लिहिलं. ज्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं, जिचा हा अभ्यास आहे, तिनेच दुखतं का म्हणून विचारलं, तर पेशंट तिचं मन राखणार. विचारणारं माणूस वेगळं हवं. नुसता आकडा पुरत नाही, दर वेळी बोटं वाकवून पाहायला हवीत. नाडी वाढली आणि आकडा वाढला नाही, तर आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. तीन आठवडे काम बंद राहिलं. मग या तिन्ही गोष्टी नियमांत घालून समितीने ते पुन्हा सुरू करू दिलं. नव्या नियमांच्या कागदावर पहिली सही प्रफुल्ल सरांचीच होती.

पण एक गोष्ट तिची पाठ सोडत नव्हती. इंदिरानगरच्या आपल्या खोलीत ती आधीच्या सत्तावन्न जणांचे कागद पसरून बसली. दोन, तीन, दोन, एक. कितीतरी जण हसून बोललेले तिला आठवत होते. त्यातले खरे किती आणि तिच्यासाठी सांगितलेले किती? आता विचारून उपयोग नव्हता. दुखणं होऊन गेल्यावर कुणाला त्याचा आकडा आठवत नाही. ती मॅडमकडे गेली आणि हे सगळं प्रबंधात लिहायचंय असं म्हणाली. निष्कर्ष लंगडा पडेल, मॅडम म्हणाल्या. पडू दे, शाझिया म्हणाली. मॅडमनी त्यासाठी प्रबंधात एक पान ठेवायला सांगितलं.

काम बंद होतं त्या पहिल्या आठवड्यात बारकूच्या जखमा उघड्याच होत्या. मांडीची कातडी काढून त्यांवर लावायची होती, आणि रोजचं ड्रेसिंग नको नको वाटणारं होतं. सहा महिने पोतं उचलायचं नाही, असं त्याला बजावलं होतं. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी शाझिया वॉर्डात शिरली, तेव्हा हर्षाली कालचं कापड सोडवायला लागली होती. बारकूने शाझियाला पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. ती पाऊल मागे घेऊन त्याला दिसणार नाही अशी पडद्याबाहेर थांबली.

थोड्या वेळाने आतून त्याचा आवाज आला, चांगला मोठ्याने. "सिस्टर, थांबा. नाय सहन होत."

हर्षाली थांबली. तिने चिमटा ट्रेमध्ये ठेवला, औषधाची सिरिंज भरली, आणि ते लागू पडेपर्यंत वीस मिनिटं त्याच्याशी नामपूरच्या कांद्याविषयी बोलत बसली.