गार मशीन

सहादेवअण्णांनी उघड्या कॉम्प्युटरमध्ये हात घातला, प्रोसेसरवरच्या पत्र्याला बोट लावलं आणि जाहीर केलं, "गार हाय. हे चालतच न्हाई."

पंपाची मोटर चालू आहे की बंद, हे अण्णा जन्मभर हात लावूनच ठरवत आले होते. कर्जतकडच्या एका दूध संस्थेचे ते चेअरमन. नगरच्या एमआयडीसीतल्या हर्षलच्या कंपनीकडून ते नवे कॉम्प्युटर घेणार होते, त्यामुळे हर्षलनं लगेच मान डोलावली.

"दीपा, ते प्रोसेसरला झोपवायचं काढून टाक. अण्णांना गरम मशीन पाहिजे."

दीपाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला! हर्षलच्या कंपनीची प्रोग्रामर म्हणून अख्खा उन्हाळा तिनं कर्नेलमध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सिस्टीमच्या गाभ्यात, डोकं घातलं होतं. जुना कर्नेल काम नसतानाही प्रोसेसरला जागच्या जागी पळवायचा. उभ्या जीपचं इंजिन चालू ठेवून डिझेल जाळावं तसं. दीपानं त्याला थांबायला शिकवलं. वजनकाट्याकडून निरोप आला की जागा, नाहीतर गप्प.

लाइट नेमकी दूध घालायच्या वेळी जायची. अण्णांच्या संस्थेतल्या जुन्या मशीनची बॅटरी रांग संपायच्या आत मान टाकायची, आणि मग सेक्रेटरी उरलेल्यांची फॅट, जिच्यावर दुधाचा भाव ठरतो ती, अंदाजानं लिहायचा. बुद्धवाड्यातल्या बायकांचं दूध शेवटी घ्यायची तिथली रीत. ओतायचं सगळ्यांचं एकाच कॅनमध्ये, रांग मात्र वेगळी! दीपाची आई बनाबाई त्याच रांगेत असायची. म्हशीचं घट्ट दूध घालायची, आणि नावावर फॅट पडायची गाईची, म्हणजे कमी भावाची.

"काढणार नाही," दीपा म्हणाली. तिनं जुनं आणि नवं मशीन सारख्याच बॅटरीवर लावलं आणि दोन्हींचे प्लग काढले. जेवणं झाली, चहा झाला. गरम मशीन बंद पडलं. गार मशीन निवांत वजनं घेत होतं.

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं, चालतंय म्हनायचं. पन गावात चार लोकं हात लावून बगनार, त्यास्नी मी काय सांगू? आसं कर पोरी, तुज्या आईचं दूध उद्यापास्नं पयलं घेतो. मग तर झालं? आमाला गरमच द्या."

"बघ, अण्णांनी तोडगा काढला," हर्षल म्हणाला.

क्षणभर दीपाला आई रांगेच्या तोंडाशी उभी दिसली. पार मागं, शेवटच्या रांगेत, वाड्यातल्या छबूबाई, राहीबाई तशाच ताटकळत होत्या. तिला स्वतःच्या त्या क्षणभराच्या मोहाचाही राग आला.

"काढते," ती म्हणाली. "आत्ता काढते. फक्त शेवटचं दूध रोज तुमच्या घरचं ठेवा, अण्णा. ठेवता?"

अण्णांनी प्रोसेसरकडं पाहिलं, मग हर्षलकडं.

"ऱ्हाऊ द्या," ते पुटपुटले. "गारच द्या."

"म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं," दीपा म्हणाली.