अर्धा तिचा, अर्धा माझा

मंदी पेपरात छापून यायच्या आधी माझ्या खुर्चीत येऊन बसते. एरवी तीन आठवड्यांनी येणारं गिऱ्हाईक दोन महिन्यांनी उगवतं, मानेवर जंगल वाढवून, आणि वर म्हणतं की जरा जास्तच बारीक करा. पुढचे तीन महिने हा माणूस तोंड दाखवणार नाही, हे कळायला मला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

स्वतःच्या पैशाच्या बाबतीत मात्र माझी अक्कल वस्तऱ्याच्या पेटीतच राहते. मागच्या मंदीत एका गिऱ्हाइकाने अर्धी दाढी झालेली असताना सांगितलं की बाजार आता मातीत जाणार. त्याच्या उरलेल्या गालावर फेस तसाच ठेवून मी मोबाइलवर सगळा फंड विकून टाकला. चार महिन्यांनी बाजार वर आला. ते गिऱ्हाईकही आलं, पण आपण असं काही बोललो होतो हे त्याच्या गावीही नव्हतं.

तेव्हा बायकोने फर्मान काढलं. नव्या खात्याचा पासवर्ड दोघांत वाटून घ्यायचा, पहिला अर्धा तिचा, दुसरा माझा. एकजण टाकत असेल तेव्हा दुसऱ्याने भिंतीकडे बघायचं. मी कुरकुरलो, पण माझी बाजू लंगडी होती.

त्या खात्यात आम्ही दुकानाचा गाळा घ्यायला पैसे साठवले. मालकाने सांगून टाकलं होतं की दोन वर्षांत घ्या, नाहीतर शेजारचा मोबाइलवाला टपलेलाच आहे. अठरा वर्षं उभा राहून मी त्या फरशीला दोन खळगे पाडलेत. ते त्या मोबाइलवाल्याच्या घशात घालायचे, या विचारानेच माझं डोकं फिरायचं.

आणि नेमका तेव्हाच बाजार पुन्हा कोसळला. सोमवारी मी घाबरलो. बायको म्हणाली, सहा महिन्यांचा खर्च एफडीत वेगळा ठेवलाय, गप बसा. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. मंदीत लोक दाढ ठणकली तरी गाल धरून बसतात, त्यामुळे बुधवारी तिचा पगार निम्मा झाला आणि ती घाबरली. लगेच मी शूर झालो. खरं सांगतो, शौर्यबिर्य काही नव्हतं, सोमवारचा वचपा काढायचा होता. महिनाभर आमच्या घरात भीती अशी पाळीपाळीने येत राहिली आणि दर वेळी ज्याची पाळी नसेल तो दुसऱ्याला अडवायचा.

मग एका रविवारी दोघंही एकदम घाबरलो. फंड एक तृतीयांश उतरला होता. जेवणं कशीबशी उरकली. विकून मोकळे होऊ या, असं ती म्हणाली आणि मी मान हलवली. तिने तिचा अर्धा टाकला, मी माझा. चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदाही तेच झालं आणि खातं बंद पडलं. कागदपत्रं घेऊन दोघांनी फंडाच्या ऑफिसात यावं, असा निरोप आला. त्यावर जे भांडण झालं त्यात तिने माझ्या स्मरणशक्तीचा पंचनामा केला, आणि दवाखान्यातली भूल तुलाच चढलीय, असं मी तिला सुनावलं.

ऑफिसचा जिना चढताना ती मध्येच थांबली.

"एक सांगते, चिडू नका. मी तिन्ही वेळा मुद्दाम चुकीचं टाकलं."

"पण विकायचं तूच म्हणालीस ना?"

"तुमचा चेहरा बघून म्हणाले. घास नुसते चिवडत होता. पण गाळा जाईल म्हणून बोट पुढे होईना."

मी कठडा धरला. तिन्ही वेळा मीही चुकीचंच टाकलं होतं, आणि मान हलवली होती तीही तिचाच चेहरा बघून. हे ऐकून ती पायरीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. मलाही आवरेना. फायली घेऊन उतरणारा शिपाई आम्हाला वळसा घालून गेला.

खातं उघडून घेतलं, विकलं काहीच नाही. एफडी पुरवून पुरवून वापरली. दुपारनंतर ती दुकानात यायची आणि जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून विचारायची की मान अजून दिसते का. लाजून का होईना, लोक यायचे.

बाजाराला वर यायला दीड वर्ष लागलं. गेल्या आठवड्यात मालकाचे पैसे द्यायला आम्ही खातं उघडलं, ते पहिल्याच फटक्यात उघडलं. वळून पाहिलं तर ती अजून भिंतीकडेच तोंड करून डोळे पुसत होती.

"गाळा आपला झाला," मी म्हणालो. "आता तरी सांगू का तुला माझा अर्धा?"

"नको," ती म्हणाली. "पुन्हा दोघं एकदम घाबरलो तर?"