बिजासन घाटातली बादली

प्रेमराजने तिला ओळखलं नाही. तो चोपड्याचा केळीवाला, पन्नाशीचा, पिकअपच्या बॉनेटला टेकून विचारत होता, "हाई घर घाट चढी का वं बाई?"

घर म्हणजे मागे जोडलेली कॅराव्हॅन. आत पलंग, शेगडी, खिडकीला फुलांचे पडदे. ती तो पर्यटकांना भाड्याने देणार होता आणि पहिले पाहुणे महेश्वरला वाट पाहत होते. पिकअप नवी, ऑटोमॅटिक. पण चोपड्याहून शिरपूर फाट्यावरच्या संघमित्राच्या गॅरेजपर्यंत येतानाच गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला होता. आणि पुढे बिजासनचा चढ.

"चढेल, भाऊ," संघमित्रा म्हणाली. "पण मी सोबत बसेन."

तिने त्याला पहिल्या नजरेत ओळखलं होतं. आठ वर्षांपूर्वी याच घाटात, केळीची ट्रॉली ओढताना, त्याच्या जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचं कवच चिरलं होतं. तेल आदल्याच दिवशी तिच्या बापाने, आधार मिस्तरींनी, बदललं होतं. ते एवढंच म्हणाले, "गरम कवचावर पाणी पडल्याशिवाय अशी चीर जात नाही." प्रेमराजने घरच्या देवावर हात ठेवून सांगितलं, मी हातसुद्धा लावला नाही, तेलच खराब होतं. लोकांनी देवावरचा हात पाहिला. स्टँडमागच्या चहाच्या टपरीवर तो पुढे वर्षभर सांगत राहिला, "आधारच्या हातचं तेल घालू नका." कोणी तेलाचं ऐकलं, कोणी हाताचं. गॅरेज बंद पडलं, चोपडं सुटलं. गिअरबॉक्स कानाने ओळखणारा माणूस आता शेतकऱ्यांचे फवारणीचे पंप दुरुस्त करत ओसरीवर बसतो.

लोखंड तापलं की लाल होतं, जगाला दिसतं. माणूस तापला की भाकरी थापतो, पंप जोडतो, कोणाला कळत नाही. संघमित्रा आठ वर्षं अशी तापत होती.

तिने गाडीखाली शिरून तेलाचं तापमान दाखवणारा काटा बसवला. तेल थंड करणारी जाळीही लावते म्हणाली, तर तो म्हणाला, "तेवढा टाइम नही."

"मग नीट ऐका, भाऊ. घाटात गाडी ड्राइव्हवर सोडून देऊ नका. मागे ओझं असलं की ती सारखा गिअर बदलते, तेल उकळतं. लिव्हर हातात घ्या, तिसऱ्यात धरा, चाळीसच्या वर नको. काटा एकशेवीसला टेकला की जागा बघून थांबा."

सगळं खरं सांगितलं. फक्त एक वाक्य दाताखाली धरलं : थांबल्यावर न्यूट्रलला इंजिन चालू ठेवा, तेल फिरत राहतं, आपोआप निवतं.

त्याची बायको दिपमाला मागच्या सीटवर बसली. पळासनेर मागे पडलं, चढ सुरू झाला. प्रेमराजने लिव्हरला हात लावला नाही. पुढच्या ट्रकला मागे टाकायला त्याने पाय दाबला. गाडी घुमली, मागचं घर डोललं.

"एकशे चार," संघमित्रा म्हणाली.

"हाई पोरनी काय सांगं व्हतं?" दिपमालाने विचारलं.

"ती काटा देखाले बसेल शे. गाडी मी चालावस."

"एकशे अठरा."

"देख, आकडा वाचता येस तिले."

एकशे सत्तावीस. जळक्या तेलाचा वास आत आला. एकशे अडतीसला गाडीने ओढच सोडली, तेव्हा प्रेमराजने ती कडेला घेतली आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं. दिपमालाने उतरून मागच्या चाकांना दगड लावले.

प्रेमराज कॅराव्हॅनमध्ये शिरला. नळ सुटल्याचा आवाज आला. तो भरलेली बादली घेऊन बाहेर आला.

संघमित्राच्या ओठावर शब्द आला. कारागिराच्या पोटची होती. चांगलं यंत्र मरताना बघवत नव्हतं. गाडी म्हणजे मुकं जनावर, तिने कोणाचं काय बिघडवलं? मग तिला ओसरीवरची वाकलेली पाठ दिसली. तिने हात पाठीमागे घेतले आणि एकात एक घट्ट धरले.

तो गुडघ्यावर बसला. बादली तिरकी करून पाणी गाडीखाली मारलं. वाफ उठली आणि वाफेतून टण् असा आवाज आला. मग लाल तेल रस्त्यावर वाहायला लागलं.

वरून ट्रक उतरत राहिले.

"आठ साल पहिले बी तुम्हीच पानी टाकं व्हतं?" दिपमालाने विचारलं.

"तापनं का पानी टाकतसच ना!" तो करवादला. "मोटर तापनी, पानी. बैल तापना, पानी. मना बाप बी..." तो थांबला. पण बोलून झालं होतं.

"आनि देववर हात ठेवा व्हता तुम्ही," ती म्हणाली. "मी त्या देवना दिवा रोज लावस."

"चोपड्याच्या आधार मिस्तरींची मी मुलगी," संघमित्रा म्हणाली.

प्रेमराजने तिच्याकडे आता पहिल्यांदा नीट पाहिलं. "तुले माहित व्हतं. तरी बोलनी नही?"

"नाही बोलले. बोलले असते तर गाडी वाचली असती, भाऊ. आणि माझ्या बापाचं तेल मरेपर्यंत खराबच राहिलं असतं."

"आते काय?"

"क्रेन बोलावते. गाडी माझ्या गॅरेजला नाही न्यायची. चोपड्याला, स्टँडमागच्या टपरीसमोर उभी करायची. लोक विचारतील. तुम्ही सांगायचं, आज कोणी फोडली आणि तेव्हा कोणी फोडली. मग माझे आबा येऊन उघडतील."

"लोके हासतीन मले."

"आबांना हसले नाहीत. त्यांच्याकडे यायचे बंद झाले."

तो खाली बसला, तेलाच्या ओघळाकडे बघत. "मी नही सांगाव."

"नका सांगू," दिपमाला म्हणाली. "मी सांगसू. बठ्ठा गावले सांगसू."

तासाभराने क्रेन आली. पिकअपला साखळी लागली. प्रेमराज मुकाट्याने क्रेनमध्ये चढून खिडकीशी बसला, तोंड दरीकडे करून. संघमित्राने फोन काढून बापाला सांगितलं, "आबा, चोपड्याला जायचंय. स्वच्छ सदरा घाल."

दिपमालाने रस्त्यावरची रिकामी बादली उचलली आणि क्रेनवाल्याच्या हाती दिली.

"हाई बी संगे ले, भाऊ," ती म्हणाली. "टपरीवर देखाडनी पडी."